थंडीचा वाटा किती, बिघाडाचा किती

डिसेंबर उजाडला की अमेरिकेच्या उत्तर भागात आणि कॅनडात पिकअप ट्रकवाल्यांच्या दोन तक्रारी जोडीनंच गॅरेजात पोचतात. एक, गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं. दुसरी, सायलेन्सरचं तोंड आतून काळंकुट्ट झालंय आणि मागच्या बर्फावर काजळीचे ठिपके पडतायत. मिनेसोटा, नॉर्थ डकोटा, मॅनिटोबा, अल्बर्टा या पट्ट्यात उणे २० अंश ही काही बातमी नव्हे. तिथे रात्री गाडी लावताना ब्लॉक हीटरची वायर विजेच्या प्लगमध्ये खोचून ठेवतात, म्हणजे सकाळी इंजिन निदान कोमट मिळतं. गेल्या काही वर्षांत कॅलगरी, मिनियापोलिसकडे स्थिरावलेल्या मराठी घरांनाही ही वायर आता सवयीची झाली आहे.

दोन तक्रारी एकदम आल्या की त्यांचं मूळ एकच असणार, असं मालकाला वाटतं आणि मेकॅनिकलाही. मग ऑक्सिजन सेन्सर बदलतो, प्लग बदलतात, इंजेक्टर साफ होतात, बिल फुगतं आणि जानेवारीत गाडी पुन्हा दारात उभी. वास्तविक शक्यता तीन असतात. अ‍ॅव्हरेज निव्वळ थंडीनं पडलेलं असतं आणि काजळी त्या जातीच्या इंजिनाला असतेच. किंवा दोन वेगळे दोष एकाच मोसमात उघडे पडलेले असतात. किंवा मग खरोखरच एक दोष दोन्ही उद्योग करत असतो, आणि असा दोष बहुतेक वेळा इंजिनाच्या तापमानाशी निगडित असतो. हा तिसरा प्रकार पकडायचा तर आधी थंडीचा हिशेब वेगळा काढावा लागतो. गॅरेजात नेमकं तेच कुणी करत नाही.

हा हिशेब काढायला आकडे उपलब्ध आहेत. अमेरिकी ऊर्जा खातं आणि तिथली पर्यावरण संरक्षण संस्था ईपीए यांच्या ग्राहकमाहितीनुसार २५ अंश सेल्सिअसला साधी पेट्रोल गाडी शहरात जितकं अ‍ॅव्हरेज देते, त्याच्यापेक्षा उणे ७ अंशांना सुमारे १५ टक्के कमी देते. फेऱ्या पाच-सहा किलोमीटरच्याच असतील तर घट २४ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे उन्हाळ्यात लिटरला साडेआठ किलोमीटर जाणारा पिकअप हिवाळ्यात सात-सव्वासातवर आला, तर त्यात काहीही बिघडलेलं नाही. घर, शाळा, दुकान एवढ्याच घिरट्या असतील तर साडेसहासुद्धा समजून घेता येतं. पाचच्या खाली आला तर मात्र थंडीला दोष देऊन भागणार नाही.

ही घट होते कशी? थंड हवा दाट असते. उणे ७ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १२ टक्के जड भरते आणि पिकअपसारख्या चौकोनी तोंडाच्या गाडीला हायवेवर ती सगळी बाजूला सारत जावं लागतं. इंजिन, गिअरबॉक्स, डिफरन्शियल, सगळीकडचं ऑइल घट्ट झालेलं असतं. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण १ पीएसआयनं उतरते. ऑक्टोबरात भरलेली हवा जानेवारीत आठ-दहा पीएसआय कमी निघाली तरी नवल नाही. हिवाळी पेट्रोल लवकर उडावं म्हणून वेगळ्या मिश्रणाचं असतं आणि त्यात ऊर्जा दीड-पावणेदोन टक्क्यांनी कमी असते. काचा तापवणं, सीट तापवणं, दिवे हे सगळं शेवटी पेट्रोलवरच चालतं.

याहून मोठी गळती उभ्या गाडीत होते. मोठं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला दोनेक लिटर पेट्रोल पितं. स्वयंपाकघरातून रिमोटचं बटण दाबून गाडी वीस मिनिटं आधी सुरू करण्याची तिकडे रीत आहे. सकाळ-संध्याकाळ धरून रोज सव्वा लिटर पेट्रोल एक किलोमीटरही न जाता संपतं. गाडीच्या पडद्यावरचं अ‍ॅव्हरेज यामुळे कोसळतं आणि दोष सेन्सरवर येतो. म्हणून टाकी फुल करून, किलोमीटर लिहून, पुन्हा फुल करून अ‍ॅव्हरेज काढण्याची आपल्याकडच्या ड्रायव्हरांची जुनी पद्धत अजूनही भरवशाची आहे. मात्र ती एका टाकीवर नव्हे, सलग दोन-तीन टाक्यांवर करावी आणि गाडी उभ्यानं किती वेळ चालली तेही सोबत लिहावं.

आता काजळी. पेट्रोल पुरतं जळण्यासाठी एका भागाला वजनानं १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली किंवा पेट्रोल जास्त झालं, की उरलेला कार्बन काजळी होऊन बाहेर पडतो. सर्द इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून कंप्युटर मुद्दामच जास्त पेट्रोल सोडतो. पूर्वी हेच काम चोक ओढून होत असे. त्यामुळे हिवाळ्यात पहिल्या काही मिनिटांत थोडी काजळी प्रत्येक पेट्रोल गाडी सोडते. वर आणखी एक गंमत. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. उन्हाळ्यात ते अदृश्य वाफ होऊन जातं. थंडीत सायलेन्सरमध्ये त्या वाफेचं पाणी होऊन साचतं, नळीतली जुनी काजळी धुऊन काढतं आणि बर्फावर काळे शिंतोडे उडवतं. मागे पांढऱ्या वाफेचा लोट दिसतो तो वेगळाच. हेड गॅस्केट गेली म्हणून घाबरून धावत येणाऱ्यांपैकी अनेकांच्या गाडीत फक्त हे पाणी असतं.

त्यातही इंजिनाची जात बघावी लागते. गेल्या पंधरा वर्षांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी इंजिनं पिकअपमध्ये आली. फोर्ड एफ-१५० मध्ये ३.५ लिटरचं इकोबूस्ट २०११ च्या मॉडेलपासून मिळू लागलं. या प्रकारात पेट्रोलला हवेत मिसळायला वेळ फार थोडा मिळतो. पिस्टन गार असेल तर त्यावर पेट्रोलचा पातळ थर बसतो आणि तो धूर करत जळतो. म्हणून अशा धडधाकट इंजिनाचाही सायलेन्सर आतून काळा असतो. युरोपनं २०१७-१८ पासून अशा पेट्रोल गाड्यांची कणमर्यादा किलोमीटरमागे ६ लाख कोटींवरून ६० हजार कोटी कणांवर आणली, तेव्हा तिथल्या कंपन्यांना पेट्रोल गाडीलाही फिल्टर बसवावा लागला. फोर्डनं २०१७ मध्ये त्याच इंजिनाला थेट फवाऱ्यासोबत जुन्या पद्धतीचे, इनटेकमध्ये फवारणारे इंजेक्टरही दिले. तेव्हा नळीत बोट फिरवल्यावर मखमलीसारखी कोरडी पूड लागली आणि गाडी थेट फवाऱ्याची असली, तर एवढ्यावरून निदान करू नये. बोटाला तेलकट, चिकट काळं लागलं तर ऑइल जळतंय असं समजावं. तो विषय पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह सील आणि टर्बोचा आहे, या लेखातला नव्हे.

जुन्या पद्धतीच्या फवाऱ्याचं इंजिन असूनही पूड दाट असेल आणि अ‍ॅव्हरेज थंडीच्या वाट्यापेक्षा खाली गेलं असेल, तर शोध सुरू करायचा. आणि तो सेन्सरपासून नव्हे, थर्मोस्टॅटपासून.

थर्मोस्टॅट ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित वस्तू. धातूच्या छोट्या डबीत मेण भरलेलं असतं. ठरलेल्या तापमानाला ते वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरकडची वाट उघडते. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३० च्या दशकात आणलेली ही करामत आजही जवळपास तशीच वापरात आहे. अनेक अमेरिकी व्ही-८ इंजिनांत ती ९० अंशांच्या आसपास उघडते. ती उघडी राहून अडकली की कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये फिरू लागतं. बाहेर उणे २० असताना हायवेवर इंजिन पन्नास-साठ अंशांवरच रेंगाळतं. कंप्युटरच्या लेखी गाडी अजून सर्दच असते. तो जास्त पेट्रोल देत राहतो, आयडलिंग चढं ठेवतो, ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला टॉर्क कन्व्हर्टर लॉक करायला उशीर लावतो. एकाच अडकलेल्या झडपेमुळे सायलेन्सर काळा होतो आणि टाकीही लवकर रिकामी होते. दोन्ही तक्रारी खरोखर एका मुळाशी येतात त्या इथे.

ओळखायला अवजारं लागत नाहीत. हीटरची हवा कोमटच राहते, आणि हायवेवर आणखी गार होते. सकाळी गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवावा. झडप ठीक असेल तर तो पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका देतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला तर झडप उघडी आहे. डॅशबोर्डवरच्या काट्यावर फार विसंबू नये, कारण बऱ्याच गाड्यांत तो मधल्या मोठ्या पट्ट्यात हलतच नाही. मालक घाबरू नये म्हणून कंपनीनंच तशी सोय केलेली असते. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या गाडीला ओबीडी-२ चं सॉकेट आहे. त्यात साधा स्कॅनर लावला की कूलंटचं खरं तापमान दिसतं. पी ०१२८ हा कोड तर याच दोषासाठी आहे, पण तो उमटायची वाट बघण्यात अर्थ नाही. डिपस्टिक ओढून हुंगावी. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी वाढलेली दिसत असेल, तर इंजिन बरेच दिवस गरमच झालेलं नाही.

या झडपेची महाराष्ट्राशी वेगळीच गाठ आहे. मे महिन्यात कसाऱ्याला किंवा खंबाटकीला भरलेली गाडी गरम झाली की रस्त्याकडेचा मिस्त्री थर्मोस्टॅट काढून फेकतो. ‘आपल्याकडं थंडी असती कुठं, कशाला पायजे तो वॉल,’ हे वाक्य हायवेवरच्या कुठल्याही गॅरेजात ऐकायला मिळतं. रेडिएटर चोंदलाय, पंखा नीट फिरत नाही, पाण्याचा पंप दमलाय, हे शोधण्यापेक्षा झडप काढणं सोपं. पण काही इंजिनांत तीच झडप उघडताना कूलंटची आडवाट बंद करत असते. ती काढली की पाणी रेडिएटरला टाळून आतल्या आत फिरतं आणि गाडी जास्तच गरम होते. ज्यांत असं होत नाही, ती इंजिनं पुढे कायमची थंड चालतात. डिझेल नीट जळत नाही, लाइनर झिजतात, आणि डिसेंबरात मालक म्हणतो की थंडीनं अ‍ॅव्हरेज गेलं. जुनी झडप खराब आहे की नाही हे बघायचं असेल तर पाण्याच्या पातेल्यात ती दोरीनं लोंबकळत सोडावी, बाजूला थर्मामीटर धरावा आणि गॅस लावावा. तिच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास ती उघडली पाहिजे आणि पाणी निवल्यावर मिटली पाहिजे. पाण्यात टाकण्याआधीच ती उघडी असेल तर गॅस लावायचीही गरज नाही.

झडप ठीक निघाली तर पुढचा संशयित कूलंट टेंपरेचर सेन्सर. तापमान उतरलं की त्याचा विद्युत रोध वाढतो. वायर तुटली तर रोध अपरिमित होतो आणि स्कॅनरवर उणे ४० दिसतं. (सेल्सिअस आणि फॅरनहाइट जिथे एक होतात तो हाच आकडा, त्यामुळे मापाचा घोळ तरी होत नाही.) तुटलेली वायर सापडते. घात करतो तो अर्धवट बिघडलेला सेन्सर. इंजिन ९० ला असताना तो ४० सांगतो, कोड उमटत नाही, आणि कंप्युटर इमानेइतबारे जास्त पेट्रोल ओतत राहतो. गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी सुरू करण्याआधी कूलंटचं व आत येणाऱ्या हवेचं, अशी दोन्ही तापमानं स्कॅनरवर पाहावीत. दोन्ही बाहेरच्या हवेशी जुळायला हवीत. ब्लॉक हीटर त्या रात्री लावू नये, हे वेगळं सांगायला नको.

तापमानाची बाजू स्वच्छ झाली की मगच ऑक्सिजन सेन्सरकडे वळावं. बॉशनं बनवलेला हा सेन्सर १९७७ च्या मॉडेलच्या व्होल्वो गाडीत कॅलिफोर्नियात प्रथम आला. धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो मोजतो आणि कंप्युटर त्यावरून पेट्रोल कमी-जास्त करतो. ही दुरुस्ती किती टक्के चालली आहे, तो आकडा स्कॅनरवर फ्युएल ट्रिम म्हणून दिसतो. काजळीच्या प्रश्नात सगळा निकाल या आकड्यावर अवलंबून असतो.

इंजिन पुरतं गरम आहे, आणि ट्रिम उणे १५ किंवा उणे २० टक्के आहे. म्हणजे पेट्रोल कुठून तरी खरंच जास्त येतंय आणि कंप्युटर ते आवरायची धडपड करतोय. इंजेक्टर गळतो का, पेट्रोलचा दाब जास्त आहे का, टाकीतली वाफ ओढणारी झडप उघडी राहिली आहे का, हे बघायचं. जुन्या पिकअपमध्ये दाब नियंत्रित करणाऱ्या रेग्युलेटरला इनटेककडे जाणारी पातळ रबरी नळी असते. इंजिन चालू असताना ती उपटून हुंगली आणि आत पेट्रोल ओलं लागलं, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. शोध तिथेच संपतो.

ट्रिम शून्याच्या आसपास असूनही काजळी येत असेल तर दोन गोष्टी संभवतात. एक, ती फक्त गार इंजिनाची काजळी आहे आणि गाडीच्या फेऱ्या आखूड आहेत. दुसरी, कंप्युटर अजून ऑक्सिजन सेन्सरचं ऐकायलाच लागलेला नाही, म्हणजे तापमानाची बाजू पुन्हा तपासायला हवी.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा. सायलेन्सर काळा, पण ट्रिम अधिक २० टक्के. कंप्युटर स्वतःहून पेट्रोल वाढवतोय, कारण त्याला सांगितलं गेलंय की हवा फार आहे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला सेन्सरच्या आधी बारीक चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. थंडीत गार धातू आक्रसतो, चीर उघडते, इंजिन सुरू होताना टिक-टिक आवाज येतो आणि गरम झाल्यावर थांबतो. मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गंजलेल्या पिकअपमध्ये मॅनिफोल्डचे बोल्ट तुटणं हा नेहमीचा आजार आहे. प्लग एका सिलिंडरला ठिणगी देत नसेल तरी न वापरलेला ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचतो. या दोन्हींत सेन्सर जे आहे ते खरं सांगत असतो, आणि बदलला मात्र तोच जातो.

डिझेल ट्रकचं गणित याहून निराळं. जुन्या डिझेल इंजिनात हवा बेतून घेतली जात नाही, मिळेल तेवढी येते. काळा धूर म्हणजे त्या हवेला न पेलणारं डिझेल. त्यामुळे पहिली नजर एअर फिल्टरवर आणि मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होज पाइपवर टाकावी. थंडीत रबर कडक होतं, क्लॅम्प सैल पडतो आणि घाटात रेस दिली की गाडी वेग न घेता नुसता धूर ओकते. जोडाभोवती तेलकट धूळ बसलेली असते, तीच खूण. त्यानंतर नोझल. पंप-नोझलच्या दुकानात कारागीर नोझल टेस्टरवर चढवून दांडा मारतो. चांगल्या नोझलमधून धुक्यासारखा फवारा सुटतो, खराब नोझल टोकाशी थेंब धरतं. तो थेंबच पुढे काजळी होतो.

थंडीनं डिझेल गोठणं आणि काळा धूर यांचा लोक संबंध जोडतात. तो चुकीचा आहे. डिझेलमधलं मेण थिजलं की फिल्टर चोंदतो आणि इंजिनाला डिझेल कमी मिळतं. गाडी दम तोडते, पण धूर काळा होत नाही. सकाळी सुरू करताना पांढरा-राखाडी धूर येतो तो न जळलेल्या डिझेलचा. लडाखमध्ये ही अडचण इतकी गंभीर होती की ट्रकवाले डिझेलमध्ये केरोसीन मिसळत. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंडियन ऑइलनं तिथे उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं, पानिपतच्या रिफायनरीतून. नाशिकहून कांदा-द्राक्षं घेऊन पंजाबकडे जाणाऱ्या गाडीला याची गरज पडत नाही. निफाडला पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्या खाली जातो खरा, पण शेकडो किलोमीटर सलग धावणाऱ्या गाडीचं इंजिन एकदा तापलं की तापलेलंच राहतं. त्यामुळे नाशिकच्या थंडीवर अ‍ॅव्हरेजचं खापर फोडणाऱ्या मालकानं आधी थर्मोस्टॅट जागेवर आहे का हे पाहावं. पहाटे रेडिएटरपुढे पुठ्ठा किंवा गोणपाट लावणारे ड्रायव्हर बहुधा याच झडपेची उणीव भरून काढत असतात.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांनी ही सगळी लक्षणं पुसून टाकली आहेत. पीयूसी केंद्रावर रेस देऊन धुराची घनता मोजतात. जुन्या डिझेल गाड्यांना ६५ एचएसयूपर्यंत (धूर मोजण्याचं एकक) माफी होती आणि तोंडावरचा काळा थर सर्वमान्य होता. बीएस-६ मध्ये काजळी वाटेतल्या डीपीएफ फिल्टरमध्ये अडकते, त्यामुळे नळी आतून स्वच्छ असायला हवी. तिथे बोटाला काळं लागलं तर फिल्टर फुटलाय किंवा कुणीतरी पोकळ करून ठेवलाय. दोष मात्र वर सांगितलेलेच असतात, फक्त ते धुराऐवजी अ‍ॅव्हरेजमधून बाहेर येतात. फिल्टर भरला की गाडी जादा डिझेल जाळून तो सहाशे अंशांच्या आसपास तापवते आणि आतली काजळी जाळून टाकते. लांब पल्ल्याच्या गाडीत हे क्वचित घडतं. बाजारपेठेत थांबत-थांबत माल टाकणाऱ्या छोट्या ट्रकमध्ये, आणि थर्मोस्टॅट उघडा असलेल्या कोणत्याही गाडीत, ते वारंवार घडतं किंवा अर्ध्यात तुटतं. ही सफाई किती किलोमीटरनं झाली, याची नोंद कंपनीच्या स्कॅनरवर मिळते. ते अंतर एका हिवाळ्यात निम्म्यावर आलं असेल तर फिल्टर बदलण्याआधी नोझल, टर्बोचे होज आणि कूलंटचं तापमान तपासून घ्यायला हवं, कारण नवा फिल्टरही त्याच वेगानं भरेल.